गावात राहणारा डॉक्टर गेला कुठे?

११ जुलै २०२१ च्या रात्री काशीदचा पूल पावसात कोसळला. एक मोटारसायकलस्वार जिवानिशी गेला. अलिबाग-मुरूड रस्ता तुटला आणि अलिबागला जायचं तर रोह्याकडून लांबचा वळसा घ्यायची वेळ आली. पुलाचं वय, ठेकेदार, पर्यायी रस्ता, पर्यटनाचं नुकसान, सगळ्यावर चर्चा झाली. एक गोष्ट मात्र राहिली. जिल्हा रुग्णालय अलिबागला, म्हणजे काशीदपासून तिसेक किलोमीटर. अशा रात्री कुणाच्या छातीत दुखायला लागलं, तर रुग्णालय हवंच. पण त्याच्याही आधी एक माणूस हवा असतो, जो बघून सांगेल, "हे सकाळपर्यंत थांबेल" किंवा "आत्ताच्या आत्ता निघा, वळसा पडला तरी चालेल."

या माणसाला आपण फॅमिली डॉक्टर म्हणायचो. तो गेला कुठे, याचा इतिहास जरा बघू. काळ बदलला, नवी पिढी पैशामागे लागली, एवढं म्हणून भागत नाही. तो आपोआप गेला नाही. त्याला घालवण्याचे निर्णय झालेत, कागदावर, सह्यांसकट.

आपल्या आजोबांच्या पिढीने पाहिलेला डॉक्टर बहुतेक वेळा एम.बी.बी.एस. नसायचा. पाटीवर नावापुढे एल.सी.पी.एस. किंवा एल.एम.पी. असं लिहिलेलं असायचं. मॅट्रिकनंतर साधारण चार वर्षांचं शिक्षण घेतलेले हे डॉक्टर. पुण्याचं बी. जे. मेडिकल आज मोठं कॉलेज आहे, पण १८७८ साली ते सुरू झालं 'मेडिकल स्कूल' म्हणून, अशाच डॉक्टरांसाठी. कॉलेज झालं १९४६ साली.

हे १९४६ साल लक्षात ठेवा. त्याच वर्षी सर जोसेफ भोर यांच्या समितीचा अहवाल आला. आपल्याकडची प्राथमिक आरोग्य केंद्रांची कल्पना त्या अहवालातली, आणि अहवाल खरोखर मोठा आहे, वादच नाही. त्या वेळी देशात नोंदलेले डॉक्टर होते सुमारे ४७,५००. त्यातले जवळपास ३०,००० हे चार वर्षांवाले. म्हणजे पाच डॉक्टरांत तिघे! समितीने ठरवलं की यापुढे देशात एकाच दर्जाचा डॉक्टर असावा, पूर्ण पदवीवाला. गरिबाला कमी शिकलेला डॉक्टर का द्यायचा, हा त्यामागचा विचार. विचार चांगला होता. पण समितीतल्याच काही सदस्यांनी विरोधी मत नोंदवलं की देशात डॉक्टर इतके कमी असताना हा अभ्यासक्रम बंद करू नका. त्यांचं ऐकलं गेलं नाही. शाळा एकेक करून बंद झाल्या किंवा कॉलेजं झाल्या.

पदवीवाले डॉक्टर तयार झाले, होतच राहिले. पण ते शहरात शिकले, शहरातल्या मोठ्या रुग्णालयात घडले आणि शहरातच राहिले. गावाला कमी शिकलेला डॉक्टर नको म्हणून सुरुवात झाली आणि गावाला डॉक्टरच उरला नाही.

आता कुणी म्हणेल, जुन्या डॉक्टरांचं फार कौतुक नको. बरोबर आहे. बाटलीला कागदाची कातरलेली पट्टी लावून दिलेलं लाल मिक्श्चर प्रत्येक आजारावर चालायचं नाही. पाण्याची इंजेक्शनं देणारेही होते. ओटीवर बसवून चहा पाजणाऱ्या घरी डॉक्टर लगेच पोचायचे, ठाकूरवाडीत किंवा कातकऱ्यांच्या वाडीवर किती वेळा गेले, हे त्या वाडीतल्या म्हाताऱ्यांनाच विचारावं. 'फॅमिली' कुणाची, हा प्रश्न तेव्हाही होताच. पण त्या डॉक्टरकडे एक गोष्ट होती जी आजच्या कुठल्याही फाइलमध्ये सापडत नाही. याच्या बापाला दमा होता, ही सून माहेरून आल्यापासून फिकटच आहे, हा माणूस उगाच कण्हणारा नाही, हे त्याला न सांगता ठाऊक असायचं. वर्षानुवर्षं एका जागी राहिल्याशिवाय ते येत नाही.

नुसत्या राहण्याने काय होतं याची दोन मोठी उदाहरणं आपल्याच जिल्ह्यातली आहेत. आपणच विसरलोय.

पहिलं मांडव्याचं. मांडवा म्हटलं की आज जेटी, रो-रो आणि मुंबईवाल्यांचे बंगले. १९७० च्या दशकात मात्र तिथे जे. जे. रुग्णालयातले नामवंत प्लास्टिक सर्जन डॉ. नोशीर अंतिया यांनी वेगळाच प्रयोग केला. सुमारे तीस हजार लोकवस्तीत, गावातल्याच थोड्याफार शिकलेल्या बायकांना आरोग्याचं काम शिकवलं. खोकला-ताप, बाळंतीण, कुपोषित मूल, क्षयरोग, कुष्ठरोगाचा पहिला डाग. असं दिसलं की गावातल्या दुखण्यांपैकी बरीचशी या बायका गावातच हाताळू शकतात आणि कुणाला पुढे पाठवायचं हेही त्यांना कळतं. कारण त्या तिथेच राहत होत्या! प्रयोग फसला म्हणून थांबला नाही. स्थानिक पुढारी आणि सरकारी आरोग्ययंत्रणा दोघांनाही तो रुचला नाही, म्हणून थांबला. गावातली बाई औषध देऊ लागली, प्रश्न विचारू लागली, की कुणाची तरी खुर्ची हलतेच. पुढे २००५ नंतर आशा सेविका आल्या, त्यांच्यामागे याच आणि जामखेडच्या आरोळे दाम्पत्याच्या कामासारख्या प्रयोगांचा अनुभव आहे. फक्त आशाताईला आपण डॉक्टर आणि गाव यांच्यातला दुवा म्हणतो, आणि दुव्याच्या पलीकडच्या टोकाला डॉक्टर आहे का, हे कुणी बघत नाही.

दुसरं उदाहरण महाडचं, डॉ. हिंमतराव बावस्करांचं. १९७६ साली ते बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले. कोकणात लाल विंचू चावून, विशेषतः लहान मुलं, मरायची. फुप्फुसात पाणी व्हायचं, हृदय दमायचं, आणि लोक म्हणायचे, नशीब. बावस्कर रुग्णाच्या खाटेशी बसून राहिले. रात्र-रात्र नाडी, रक्तदाब, घाम, हातापायांचा गारठा टिपत गेले. पुढे रक्तदाबावरची 'प्राझोसिन' ही साधी गोळी त्यांनी विंचूदंशावर वापरली. निम्म्याच्या जवळपास जाणारं मृत्यूचं प्रमाण शंभरात एकाच्या आसपास आलं. हे 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ना मोठी प्रयोगशाळा, ना परदेशी मदत. हा शोध मुंबईत लागणं कठीण होतं, कारण विंचू चावलेलं पोर मुंबईला पोचायच्या आत जायचं.

इंग्लंडमध्ये याच जातीचा एक माणूस होऊन गेला, डॉ. विल्यम पिकल्स. यॉर्कशायरच्या खेड्यांत दवाखाना चालवायचा. कोण कुणाच्या जत्रेला गेलं, कोण कुणाकडे जेवलं हे त्याला माहीत, म्हणून संसर्गानंतर किती दिवसांनी कावीळ दिसते हे त्याने मोजून काढलं. १९३९ साली पुस्तक लिहिलं. तिकडे पुढे जनरल प्रॅक्टिशनर डॉक्टरांचं कॉलेज निघालं, तेव्हा हा खेड्यातला डॉक्टर त्याचा पहिला अध्यक्ष झाला. आणि १९४८ पासून तिथे सरकारी आरोग्यसेवेत प्रत्येक माणसाचं नाव एका डॉक्टरकडे नोंदवायची पद्धत आली. तिथेही आज वेळ मिळत नाही म्हणून ओरड आहे. पण 'तुमचा डॉक्टर कोण' या प्रश्नाला निदान एक उत्तर आहे.

आपल्याकडे उत्तर काय? डोळ्यांचा अलिबागला, हाडांचा पेणला, हार्टचा मुंबईला. सगळं मिळून एका माणसाला बघणारा कुणीच नाही. आणि इथे पैशाची गोष्ट येते. कुठे जा हे सांगणाऱ्याच्या शब्दाला किंमत असते, म्हणून ती किंमत मोजणारे निघाले. याच बावस्करांना २०१३ साली एका तपासणी केंद्राकडून १,२०० रुपयांचा चेक आला, त्यांनी रुग्ण पाठवला म्हणून. त्यांनी मेडिकल कौन्सिलकडे तक्रार केली. 'कट प्रॅक्टिस' हा शब्द तेव्हा घराघरांत पोचला. २०१७ साली राज्य सरकारने त्याविरुद्ध कायद्याचा मसुदा तयार करून घेतला. मसुद्याचा कायदा काही झाला नाही. "अलिबागला जा" हे माझ्या भल्यासाठी की त्याच्या टक्क्यासाठी, हा संशय एकदा शिरला की फॅमिली डॉक्टर उरत नाही, पाटी कितीही जुनी असो.

मग ती रिकामी जागा कुणी भरली? आयुर्वेद आणि होमिओपॅथीच्या पदवीधरांनी. किनारपट्टीवर रात्री दार उघडणारा डॉक्टर बहुतेक वेळा हाच असतो, हे मान्य करायला लाजायचं कारण नाही. २०१४ साली राज्याने होमिओपॅथांना एक वर्षाचा कोर्स करून ॲलोपॅथीची औषधं लिहिण्याची वाट काढून दिली. २०२५ साली त्यांच्या नोंदणीवरून वाद पेटला, ॲलोपॅथीचे डॉक्टर संपावर गेले. दोन्ही बाजूंची भाषणं ऐकताना सारखं वाटत होतं, हे सगळं १९४६ सालीच बोलून झालंय. कमी शिकलेला चालेल की नाही? तेव्हा 'नाही' म्हणून चार वर्षांचा धड अभ्यासक्रम बंद केला, आणि सत्तर वर्षांनी एक वर्षाचा उघडला.

अलिबागला आता सरकारी मेडिकल कॉलेज आहे, २०२१-२२ पासून. दरवर्षी शंभर जागा. नव्या नियमाप्रमाणे एम.बी.बी.एस.च्या विद्यार्थ्यांना गावातली काही कुटुंबं 'दत्तक' दिली जातात. मुलं घरी येतात, वजन-रक्तदाब बघतात, वहीत लिहितात, शिक्षण संपेपर्यंत अधूनमधून येत राहतात. चांगलं आहे. फक्त ती मुलं पास झाल्यावर त्याच कुटुंबांचा डॉक्टर म्हणून राहायचं म्हणाली, तर त्या नावाचं पद सरकारी आकृतिबंधात कुठे आहे, हे पुढच्या वेळी पालकमंत्री काशीदला आले की विचारायला हवं. किनारा बघायला ते येतातच.