गर्दीचे मानसशास्त्र
समूहात शिरल्यावर व्यक्तीच्या विचारांत व वर्तनात होणाऱ्या बदलांचा अभ्यास. गर्दीत माणूस विवेक गमावतो, हे गुस्ताव्ह ल बाँ या फ्रेंच विचारवंताचे मत (१८९५) दीर्घकाळ प्रमाण मानले गेले. ते अपुरे आहे. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ स्टीफन रायकर यांच्या मते व्यक्ती गर्दीत हरवत नाही. ती ‘मी’ऐवजी ‘आम्ही’ म्हणून वागू लागते.

कर्जत-खोपोली लोकलमध्ये हे रोज दिसते. ठरलेल्या डब्यातला ग्रुप एकमेकांसाठी जागा धरतो, भजने म्हणतो. दारात मात्र तीच माणसे नवख्याला अडवतात. पावसाळ्यात धबधब्यांवर एक जण खोल पाण्यात उतरला की इतर न कचरता उतरतात. ‘एवढे जण आहेत’ हाच धीर जीवघेणा ठरतो.

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. रस्ता नव्हता. भर पावसात स्थानिक गिर्यारोहक, ग्रामस्थ व बचाव पथके निसरडी पायवाट चढून गेली आणि हातांनी, कुदळ-फावड्यांनी ढिगारा उपसू लागली. ‘आम्ही’पणाची ही उजळ बाजू ल बाँच्या मांडणीत बसत नाही. पुढे तेथे गर्दी होऊ नये म्हणून प्रशासनाला जमावबंदी लागू करावी लागली. दुर्घटनेत २७ मृतदेह सापडले. ५७ जण बेपत्ता राहिले.