लीलावतीचे भुंगे आणि फैजीची फारसी

पिंगळीत आमच्या अंगणात दर रविवारी मोहल्ल्यातली आठ-दहा मुलं अपूर्णांकांची उजळणी करायला येतात. नुसत्या बेरजा दिल्या की जांभया सुरू. म्हणून मी कोडं घालतो. पोळ्यातल्या एक पंचमांश माश्या करडईवर गेल्या, एक तृतीयांश तुरीवर. या दोन संख्यांतल्या फरकाच्या तिप्पट बोरीवर. एक उरली, ती नुसती घिरट्या घालतेय. तर एकूण माश्या किती?

यात करडई, तूर आणि बोर एवढंच माझं. कोडं भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तलं, 1150 च्या सुमाराचं. तिथे भुंगे आहेत आणि कदंब, कुडा अशी झाडं. उत्तर पंधरा. पण तिथपर्यंत पोचायला छेद सारखे करणं, वजाबाकी, गुणाकार, बेरीज, सगळंच पुन्हा करावं लागतं आणि मुलांच्या ते लक्षातही येत नाही. हा ग्रंथच असा आहे: आधी रीत, मग लगेच प्रश्न. कधी वाऱ्याने मोडलेला बांबू, कधी सापावर झेपावणारा मोर. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ काढला. चाळीसगावजवळच्या पाटणचा 1207 चा शिलालेख ते सांगतो.

एकदा एका मुलीचे अब्बा दारात उभं राहून ऐकत होते. म्हणाले, “किताब तो उनकी है ना, भाई?”

मी त्यांना आत बसवलं आणि फैजीची गोष्ट सांगितली. अकबराच्या हुकमावरून दरबारातला शायर अबुल फैज फैजी याने 1587 मध्ये ‘लीलावती’ फारसीत आणली. ते भाषांतर पुढे 1827 मध्ये कलकत्त्यात छापलंही गेलं. आणि लीलावती नावाची मुलगी, तिच्या लग्नाचा मुहूर्त, घटिकापात्रात पडलेला मोती, चुकलेली वेळ, ही आपण सगळ्यांनी मराठी शाळेत ऐकलेली कथा? ती भास्कराचार्यांच्या ग्रंथात नाही. ती येते फैजीच्या प्रस्तावनेत. म्हणजे संस्कृत ग्रंथाची सर्वांत लाडकी गोष्ट आपल्याकडे फारसीच्या वाटेने आली. भाषांतरानंतर चार वर्षांनी फैजी अकबराचा वकील म्हणून खानदेश आणि अहमदनगरच्या दरबारांकडे निघाला. पाटण त्याच खानदेशातलं.

अब्बा काही बोलले नाहीत. पण पुढच्या रविवारी पुन्हा आले.

त्या दिवशी वजाबाकी होती. हातच्याची वजाबाकी मुलांना नकोशी असते, तिथे मी देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांना बोलावतो. चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावा, मग चढत्या, आणि मोठ्यातून लहान वजा करा. आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत 6174 येतोच. कापरेकरांनी हे 1949 मध्ये मांडलं, तेव्हा अनेक विद्वानांना तो पोरखेळ वाटला होता. असेल. पण एरवी सलग सात वजाबाक्या कोणतं पोर आपणहून करतं?

एका मुलीने 3524 घेतला. 5432 वजा 2345, 3087. मग 8352. मग 6174. तीन पायऱ्यांतच संपलं म्हणून ती हिरमुसली. पुढचा आकडा तिच्या अब्बांनी दिला, दारातल्या मोटारसायकलच्या नंबरप्लेटवरचा.