देवमाशांची शिरगणती

वर्गाच्या पटावर असलेली मुले आणि वर्गात हजर असलेली मुले यांत फरक असतो, हे शिक्षकांना सांगायला नको. देवमाशांची मोजणी करणाऱ्यांना नेमकी हीच अडचण शंभर वर्षे छळते आहे. देवमासा नावापुरता मासा. तो सस्तन प्राणी असल्याने श्वास घ्यायला त्याला वर यावेच लागते. तेवढ्या वेळात दिसला तर दिसला. एरवी तो पाण्याखाली, आणि समुद्राला भिंती नाहीत.

देवमाशांच्या संख्येच्या जुन्या नोंदी बहुतांशी त्यांना मारणाऱ्यांच्याच आहेत. किती मारले, कोठे मारले, किती लांबीचे होते, हे सारे तेलाच्या हिशेबासाठी लिहिले जाई. शास्त्रज्ञांनाही त्या वेळी फारसा वेगळा मार्ग नव्हता. ब्रिटनची ‘डिस्कव्हरी’ ही नौका १९२५ साली दक्षिण महासागराकडे निघाली. या मोहिमांतून पुढे, १९३०च्या दशकात, देवमाशांवर खुणा करण्याची एक पद्धत रुळली. क्रमांक कोरलेली पोलादी नळी बंदुकीने जिवंत देवमाशाच्या अंगात मारायची आणि जागा व तारीख लिहून ठेवायची. पुढे कधी तरी तो देवमासा शिकाऱ्यांच्या हाती लागला की कापताना नळी सापडे. काही वेळा ती चरबी उकळण्याच्या हंड्यात तळाशी मिळे. ती परत पाठवणाऱ्याला बक्षीस असे. देवमासे कोठून कोठे जातात हे यातून कळले खरे, पण प्रत्येक उत्तरासाठी एक देवमासा मरावा लागत होता.

मारणाऱ्यांच्या हिशेबावर विसंबण्यात दुसराही धोका होता. दक्षिण गोलार्धातील ‘राइट व्हेल’चेच उदाहरण घ्या. हे नाव शिकाऱ्यांनी दिलेले, म्हणजे ‘मारायला योग्य’. तो संथ पोहतो, किनाऱ्याजवळ येतो, भरपूर तेल देतो आणि मेल्यावर बुडत नाही. १९३५ सालापासून आंतरराष्ट्रीय कराराने त्याला संरक्षण मिळाले. तरीही सोव्हिएत जहाजांनी १९५१ ते १९७१ या काळात ३ हजारांहून अधिक राइट व्हेल चोरून मारले. अधिकृत अहवालांत त्यांचा जवळजवळ पत्ताच नव्हता. १९९३ साली रशियन शास्त्रज्ञ अलेक्सी याब्लोकोव्ह यांनी खोट्या आकड्यांचे हे प्रकरण जगापुढे मांडले. संरक्षण मिळूनही देवमासे का वाढत नाहीत, या कोड्याचा एक भाग तेव्हा उलगडला.

तोवर जिवंत देवमासे ओळखण्याची रीतही सापडली होती. १९७०च्या सुमारास रॉजर पेन यांनी अर्जेंटिनातील वाल्देस द्वीपकल्पाजवळ राइट व्हेलची विमानातून छायाचित्रे घ्यायला सुरुवात केली. या देवमाशांच्या डोक्यावर कातडीचे खरखरीत, फिकट चट्टे असतात. प्रत्येकाची ठेवण वेगळी, आपल्या बोटांच्या ठशांसारखी. ही अक्षरशः शिरगणतीच होती! पण विमानाला पैसा लागतो, इंधन लागते, आणि दक्षिण महासागराच्या मधोमध विमान उतरवणार कोठे?

मग उपग्रह का नको? हा प्रश्न सुचायला सोपा, सुटायला अवघड. १९७२ साली सोडलेल्या पहिल्या लँडसॅट उपग्रहाच्या चित्रातील एक चित्रबिंदू, म्हणजे पिक्सेल, जमिनीवरचा सुमारे ८० मीटरचा चौकोन दाखवी. विद्यार्थ्यांना मैदानावर नेऊन हे करून पाहता येईल. राइट व्हेलइतकी, १५ मीटरची, दोरी अंथरा. ८० मीटरच्या चौकोनात ती हरवून जाते. भारताचा आयआरएस-१सी हा उपग्रह १९९५च्या डिसेंबरात गेला. त्याचा चित्रबिंदू ५.८ मीटरचा होता आणि त्या काळी नागरी उपग्रहांत इतकी बारीक नजर दुसऱ्या कोणाची नव्हती. तरी दोरीवर बिंदू बसतील जेमतेम तीन. तीन ठिपक्यांवरून देवमासा कोण म्हणेल?

याहून बारीक पाहणारे उपग्रह लष्करांजवळ होते, पण त्यांची चित्रे कुलपात. १९९४ साली अमेरिकेने खासगी कंपन्यांना अशी चित्रे विकण्याची वाट मोकळी केली आणि १९९९ साली एक मीटर नजरेचा ‘इकोनॉस’ अवकाशात गेला. त्याच्या चित्रांत देवमासे शोधण्याचा प्रयत्न झाला, मात्र दिसले ते देवमासेच, अशी खात्री देता येईना.

ती खात्री बरीचशी मिळाली वाल्देसच्याच पाण्यात. ब्रिटिश अंटार्क्टिक सर्वेच्या पीटर फ्रेटवेल आणि सहकाऱ्यांनी गोल्फो नुएवो या आखाताचे सप्टेंबर २०१२ मधले चित्र निवडले. निवड हुशारीची होती. विणीच्या हंगामात राइट व्हेल तेथे मोठ्या संख्येने येतात, पृष्ठभागाजवळ रेंगाळतात, आणि पाणी शांत असते. ‘वर्ल्डव्ह्यू-२’ उपग्रहाच्या या चित्रातील बिंदू अर्ध्या मीटरचा होता, म्हणजे आपल्या दोरीवर तीस बिंदू. शिवाय या उपग्रहाला ४०० ते ४५० नॅनोमीटर तरंगलांबीचा जांभळा-निळा प्रकाश टिपणारा खास पट्टा आहे. पाणी लाल प्रकाश लवकर शोषून घेते; हा प्रकाश मात्र अधिक खोल जातो व परत येतो. त्यामुळे थोड्या पाण्याखालचा देवमासाही फिकट ठिपक्यासारखा उमटतो.

डोळ्यांनी तपासून ५५ ‘बहुधा देवमासे’, २३ ‘कदाचित देवमासे’ आणि पाण्याखालच्या १३ आकृत्या मोजल्या गेल्या. संगणकाने त्या जांभळ्या-निळ्या पट्ट्याच्या आधारे पहिल्या गटातील सुमारे ८९ टक्के शोधून काढले. २०१४ साली हे संशोधन प्रसिद्ध झाले. ‘बहुधा’ आणि ‘कदाचित’ असे दोन रकाने ठेवण्याचा प्रामाणिकपणा मला मूळ आकड्यांपेक्षाही मोलाचा वाटतो.

त्याच वर्षी ३१ सेंटिमीटर नजरेचा ‘वर्ल्डव्ह्यू-३’ आला. इतक्या बारकाईने शेपटीचे पंखही दिसू शकतात. हॅना क्युबेन्स यांच्या गटाने २०१८ साली चार जातींचे देवमासे अशा चित्रांत पाहिले. करडा देवमासा आणि फिन व्हेल ओळखायला सोपे गेले, तर हंपबॅक सर्वांत अवघड.

मेलेल्यांची नोंदही आता वेगळ्या रीतीने होते. २०१५ साली चिलीच्या दुर्गम गोल्फो दे पेनास भागात किमान ३४३ देवमासे किनाऱ्याला लागले. बहुतेक सेई जातीचे. विषारी शैवालाचा फुटवा हे संभाव्य कारण. ही दुर्घटना योगायोगाने तेथे गेलेल्या मोहिमेला दिसली. नंतर त्या आठवड्यांतली उपग्रहचित्रे काढून पाहिली, तर कुजताना गुलाबी-नारिंगी झालेली शरीरे त्यांत स्पष्ट होती. कोणी वेळीच पाहिले नव्हते, एवढेच.

आता आपल्या अरबी समुद्राकडे पाहू. येथील हंपबॅक अंटार्क्टिककडे जात नाहीत. वर्षभर याच समुद्रात राहतात. १९६६च्या नोव्हेंबरात सोव्हिएत जहाजांनी त्यांपैकी सुमारे २४० मारले. ओमानच्या किनाऱ्यावरील त्यांच्या संख्येचा अंदाज अलीकडे शंभराच्या आत आला आहे. भारताच्या २०१९ साली सोडलेल्या कार्टोसॅट-३ ची नजर पाव मीटरची आहे. पण एवढे थोडे प्राणी, एवढ्या पसरलेल्या पाण्यात, त्यात पावसाळ्याचे ढग आणि लाटांचा फेस! म्हणून येथे डोळ्यांपेक्षा कान उपयोगी पडतात. गोव्याच्या किनाऱ्याजवळ पाण्याखालच्या ध्वनिग्राहकाने हंपबॅकचे गाणे टिपल्याचे संशोधन २०१८ साली प्रसिद्ध झाले. मात्र गातात ते नर. माद्यांची आणि पिल्लांची हजेरी त्या ध्वनिमुद्रणात लागत नाही.