पहिल्या सामन्याची तयारी

एखाद्या खेळाचा जन्मदिवस सांगणे हे माणसाचा जन्मदिवस सांगण्याइतके सोपे नसते. मुले अंगणात काही तरी खेळू लागतात, त्याला नाव पडते, चार संकेत रूढ होतात आणि पाहता पाहता तो खेळ साऱ्या गावाचा होऊन बसतो. त्याला क्रीडेची प्रतिष्ठा मात्र एका विशिष्ट क्षणी लाभते. खेळणारी मंडळी आपल्या ओळखीच्या कोंडाळ्याबाहेरील अपरिचितांना सामन्याचे निमंत्रण धाडतात, तो हा क्षण होय. हुतूतूचे नियम गावोगाव निराळे होते तोवर त्यावाचून कोणाचे अडले नव्हते. परगावचे संघ एका मैदानावर आणावयाचे ठरले तेव्हाच ते नियम कागदावर उतरविणे भाग पडले. अमेरिकेतील 'डिस्क गोल्फ' या अर्वाचीन खेळाच्या इतिहासात असा क्षण १९७४ साली आला. त्या पहिल्या मोठ्या सामन्याची तयारी ज्यांनी केली, त्यांना आपल्यासारखे दुसरे कोणी जगात आहे की नाही हेसुद्धा ठाऊक नव्हते.

हा खेळ समजावयास अवघड नाही. गोल्फमध्ये काठीने चेंडू टोलवीत तो जमिनीतील खळग्यात घालावयाचा असतो. येथे काठी नाही, चेंडूही नाही. हातात प्लॅस्टिकची एक तबकडी असते. ठरलेल्या जागेवरून ती फेकावयाची, जेथे पडेल तेथून पुन्हा फेकावयाची आणि शक्य तितक्या कमी फेकींत लक्ष्यापर्यंत पोहोचवावयाची. आज हे लक्ष्य म्हणजे खांबावर बसविलेली लोखंडी टोपली असते. टोपलीवर साखळ्या लोंबत असतात. त्यांवर आदळून तबकडी टोपलीत पडली की तो टप्पा पुरा झाला. असे नऊ किंवा अठरा टप्पे झाडीतून, चढउतारांवरून, क्वचित पाण्यावरूनही आखलेले असतात. ज्याच्या एकूण फेकी सर्वांत कमी, तो विजयी.

तबकडी फेकण्याची हौस या खेळाहून पुष्कळ जुनी. अमेरिकेच्या कनेटिकट राज्यातील ब्रिजपोर्ट येथे १८७१ साली फ्रिस्बी नावाच्या गृहस्थांची बेकरी सुरू झाली. तिच्या 'पाय' या खाद्यपदार्थाच्या पत्र्याच्या रिकाम्या ताटल्या विद्यार्थी हवेत भिरकावीत, असे सांगतात. कॅनडातील ब्लॅडवर्थ या लहानशा गावी १९२६ साली काही शाळकरी मुले डब्यांची पत्र्याची झाकणे जमिनीवर आखलेल्या वर्तुळांत फेकून गोल्फसारखाच एक खेळ खेळत. पुढे कॅलिफोर्नियात फ्रेडरिक मॉरिसन या तरुणाने केकच्या ताटल्या समुद्रकिनाऱ्यावर विकण्याचा उद्योग मांडला. दुसऱ्या महायुद्धात वैमानिक म्हणून लढून परतल्यावर १९४८ साली त्याने एका सहकाऱ्याच्या साहाय्याने प्लॅस्टिकची तबकडी घडविली. तिच्या सुधारलेल्या आवृत्तीचे हक्क १९५७ साली 'व्हॅम-ओ' या खेळणी बनविणाऱ्या कंपनीने घेतले आणि त्याच वर्षी तिला 'फ्रिस्बी' हे नाव दिले. याच कंपनीतील एड हेड्रिक यांनी तबकडीच्या पाठीवर बारीक वर्तुळाकार रेषा उठवून तिचे उड्डाण स्थिर केले. या सुधारणेचे पेटंट त्यांना १९६७ साली मिळाले. त्याच वर्षी त्यांच्या पुढाकाराने 'आंतरराष्ट्रीय फ्रिस्बी संघटना' स्थापन झाली.

साधन घरोघर पोहोचल्यावर तिचा गोल्फ करण्याची कल्पना एकाच डोक्यातून निघाली असती तरच नवल. कॅलिफोर्नियात जॉर्ज सॅपेनफील्ड या तरुण क्रीडामार्गदर्शकाने १९६५ साली मैदानावरील मुलांकडून तबकडीचा गोल्फ खेळवून घेतला. पुढे थाउझंड ओक्स या शहराच्या उद्यानखात्यात काम करू लागल्यावर त्याने १९६९ साली प्रौढांसाठीही असा सामना भरविला. त्या वेळी फेकण्यास फ्रिस्बी आणि लक्ष्य म्हणून कमरेभोवती फिरवावयाच्या 'हुला हूप'च्या कड्या व्हॅम-ओ कंपनीनेच पुरविल्या. अशा प्रकारे निरनिराळ्या ठिकाणी हा खेळ जन्म घेत होता. परंतु एका ठिकाणच्या खेळाडूला दुसऱ्या ठिकाणची वार्ता नव्हती.

न्यूयॉर्क राज्यात ओंटारिओ सरोवराच्या दक्षिण तीरावर रॉचेस्टर हे शहर वसले आहे. कोडॅक कॅमेऱ्यांचे गाव म्हणून त्याची जगभर ख्याती झाली. या शहराजवळच्या एलिसन पार्कमध्ये १९७० सालापासून जिम पामेरी, त्यांचे बंधू आणि त्यांचा मित्रपरिवार तबकडीचा गोल्फ नेमाने खेळू लागला. नेमाने या शब्दाला येथे महत्त्व आहे. ही मंडळी केवळ सुटीच्या दिवशी गंमत म्हणून जमत नसत. ती दर आठवड्याला साखळी सामने खेळत आणि गुणांची नोंद ठेवीत. १९७३ पर्यंत त्यांनी आपल्या शहरापुरत्या अजिंक्यपदाच्या दोन स्पर्धाही भरविल्या होत्या. जगात हा खेळ इतक्या गांभीर्याने खेळणारे आपणच काय ते, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती.

आंतरराष्ट्रीय फ्रिस्बी संघटनेचा पत्ता त्यांना लागला तेव्हा या समजुतीला पहिला धक्का बसला. देशात इतरत्रही तबकडीचे मेळावे भरतात, हे त्यांना नव्याने कळले. मग साहजिकच प्रश्न उभा राहिला: आपल्यासारखा गोल्फ खेळणारे आणखी कोणी असतील काय? आज असा प्रश्न पडला तर उत्तर घरबसल्या मिळते. १९७४ साली मात्र दूरच्या अनोळखी माणसांपर्यंत पोहोचण्यास टपाल, तोंडी निरोप आणि वृत्तपत्रातील एखादी बातमी एवढीच साधने हाताशी होती. शिवाय ज्यांना शोधावयाचे त्यांची नावे ठाऊक नाहीत, गावे ठाऊक नाहीत, अशांना निमंत्रण धाडावयाचे तरी कोणत्या पत्त्यावर?

रॉचेस्टरच्या मंडळींनी या अडचणीवर काढलेला तोडगा धाडसाचा होता. त्यांनी 'अमेरिकन फ्लाइंग डिस्क ओपन' या नावाने खुली स्पर्धा जाहीर केली आणि तबकडीच्या गोल्फमधील विजेत्याला बक्षीस म्हणून डॅटसन बी-२१० ही कोरी करकरीत मोटारगाडी देण्याचे घोषित केले. खेळण्यांच्या दुकानात मिळणाऱ्या एका प्लॅस्टिकच्या तबकडीच्या खेळासाठी मोटार! ज्याने कोणी हे ऐकले असेल त्याला प्रथम हसूच आले असेल. परंतु या घोषणेमागचा विचार पक्का होता. चषक किंवा पदक देऊ केले असते तर ती बातमी शहराच्या वेशीबाहेर गेली नसती. मोटारीची वार्ता मात्र आपल्या पायांनी दूरवर जाणार होती. आणि देशाच्या कोणत्याही कोपऱ्यात एखादा निपुण खेळाडू दडलेला असेल तर तो प्रवासखर्च सोसून येईल, अशी आशा होती. कोणी न येण्याचा धोका उघड होता. कोणी आलाच आणि तो आपल्याहून श्रेष्ठ निघाला, तर ज्या खेळात आपण जगात पहिले असे मानले त्यात आपल्याच मैदानावर हार पत्करावी लागणार, हा दुसरा धोका. दोन्ही पत्करूनच तयारी सुरू झाली.

अशा तयारीचे खरे ओझे बक्षिसाचे नसते. ते नियमांचे असते. ओळखीच्या चौघांत खेळताना पुष्कळ गोष्टी न बोलता चालतात. तबकडी झाडाला चाटून गेली की थडकली, ती पडली नेमकी कोठे, पाऊल किती पुढे टाकले, याचा निवाडा मित्र हसतखेळत करतात. परका खेळाडू आला आणि पणाला मोटार लागली की तोच निवाडा काटेकोर व्हावा लागतो. फेकीची जागा कोणती, लक्ष्याला काय लागले म्हणजे टप्पा पुरा झाला, हद्दीबाहेर गेलेल्या तबकडीचे काय करावयाचे, कोणी आधी फेकावयाचे, आकडे कोणी लिहावयाचे आणि वाद झाल्यास शब्द कोणाचा अखेरचा, या साऱ्यांची उत्तरे अपरिचितालाही पटतील अशी असावी लागतात. चार वर्षांच्या नियमित खेळाने रॉचेस्टरच्या मंडळींपाशी अनुभवाची शिदोरी जमली होती, ती या वेळी कामी आली.

स्पर्धा झाली आणि खेळाडू आले. रॉचेस्टरच्या खेळाडूंना ज्याचा शोध घ्यावयाचा होता ते उत्तर त्यांना मिळाले: ते एकटे नव्हते. इतर ठिकाणीही तबकडीचे कसलेले खेळाडू होते आणि त्यांतील काहींना हा गोल्फही परका नव्हता. मोटार जिंकली ती बाहेरून आलेल्या डॅन रॉडिक यांनी. मित्रमंडळी त्यांना 'करकोचा' या अर्थाच्या टोपणनावाने ओळखत. यजमानांच्या दृष्टीने हा पराभव म्हणावयाचा तर म्हणता येईल. पण जो खेळ फक्त यजमानच जिंकतात तो गावाबाहेर जात नाही. त्या पराभवानेच या खेळाचे दरवाजे उघडले.

पुढच्याच वर्षी, १९७५ साली, रॉडिक व्हॅम-ओ कंपनीत आंतरराष्ट्रीय फ्रिस्बी संघटनेचे काम पाहू लागले आणि रॉचेस्टरच्या धर्तीवर त्या वर्षीच्या जागतिक फ्रिस्बी अजिंक्यपद स्पर्धेत गोल्फला स्थान मिळाले. त्याच वर्षी हेड्रिक यांनी कॅलिफोर्नियातील ओक ग्रोव्ह पार्कमध्ये या खेळासाठी कायमचे मैदान आखले. तेथील लक्ष्ये प्रारंभी साधे खांब होते. तबकडी खांबाला लागली की निसटून गेली, यावर वाद माजत. तेव्हा साखळ्या लावलेली टोपली त्यांनी योजली. तिचे पेटंट १९७७ साली मिळाले. साखळी खळखळली आणि तबकडी टोपलीत विसावली की वादाला जागाच उरत नाही. पंचाचे काम लोखंडाकडे सोपविणारी ही युक्ती म्हणावी लागेल. १९७६ साली व्यावसायिक डिस्क गोल्फ संघटना स्थापन झाली आणि हेड्रिक तिचे पहिल्या क्रमांकाचे सभासद झाले. सभासदांच्या क्रमांकांनी पुढे दोन लाखांची मर्यादा ओलांडली. १९७९ साली हंटिंग्टन बीच येथे भरलेल्या स्पर्धेत बक्षिसांची रक्कम ५०,००० डॉलर होती. १९८३ साली डेव्ह ड्युनिपेस यांनी कडेला धार असलेली तबकडी बनविली आणि फेकीचा पल्ला एकदम वाढला. २००२ साली हेड्रिक निवर्तले, तेव्हा त्यांच्या इच्छेनुसार त्यांच्या अस्थींची राख प्लॅस्टिकमध्ये मिसळून तबकड्या काढण्यात आल्या.

आज एखादा नवखा खेळाडू आपल्या पहिल्या सामन्याची तयारी करतो तेव्हा नकळत हा सारा इतिहास त्याच्या झोळीत येतो. लांब पल्ल्याची, मध्यम पल्ल्याची आणि टोपलीजवळची, अशा निदान तीन तबकड्या तो बरोबर घेतो. आदल्या दिवशी मैदान पायी हिंडून पाहतो. दुरून जोरकस फेक करण्यापेक्षा टोपलीपासून दहा मीटरांच्या आतील फेकीचा सराव त्याला अधिक उपयोगी पडतो, कारण जिंकणे-हरणे बहुधा तेथेच ठरते. तबकडी पडली ती जागा खुणेच्या लहान तबकडीने दाखविता येते, आपली पाळी आल्यावर ३० सेकंदांत फेकावयाचे, हद्दीबाहेर गेल्यास एक फेक दंड सोसावयाचा, ही कलमे तो पाठ करतो. गुणपत्रिकेवरील बेरीज चुकली तर दोन फेकींचा दंड बसतो, हेही त्याने ध्यानात ठेवलेले बरे. बहुतेक सामन्यांत प्रत्येक गटामागे वेगळा पंच नसतो. एका गटातील खेळाडूच एकमेकांचे पंच असतात. परक्यावर विश्वास टाकावयाचा आणि परक्याच्या विश्वासाला पात्र व्हावयाचे, हा या खेळातील सर्वांत अवघड नियम होय.

रॉचेस्टरच्या स्पर्धेचे मोलही यातच आहे. तबकडी त्या मंडळींनी शोधून काढली नव्हती, आणि तिचा गोल्फ खेळणारे तेच पहिले होते असेही नाही. त्यांचे कर्तृत्व एवढेच की, जो खेळ त्यांना प्रिय होता तो त्यांनी आपल्यापुरता राखून ठेवला नाही. हार होण्याची शक्यता मान्य करून त्यांनी अनोळखी माणसांसाठी मैदान आखले, नियम सिद्ध केले आणि बक्षिसाची मोटार दाराशी आणून उभी केली. एखाद्या खेळाचे भवितव्य त्यातील विजेत्यांइतकेच अशा यजमानांवरही अवलंबून असते.