निर्वासितांची लोकर

बदलीने उत्तरेत आलेल्या आम्हां मराठी मंडळींची लेकरे तिबेटी बाजारातील स्वेटरांत वाढली. या बाजाराचा इतिहास विस्थापनाचा आहे. १९५९ साली दलाई लामा भारतात आले. त्यांच्यामागून आलेल्या हजारो निर्वासितांना प्रथम हिमालयातील रस्तेबांधणीचे काम मिळाले. त्याच वर्षी दार्जिलिंगला त्यांचे स्वावलंबन केंद्र निघाले. पुढे हाताने विणलेले स्वेटर, मुलांची टोपडी नि मोजे शहरोशहरीच्या हिवाळी बाजारांत विकून अनेक कुटुंबांनी संसार सावरले. मागणी वाढली, तसा लुधियानाच्या कारखान्यांतील यंत्रमाल त्याच दुकानांत आला. आम्ही मात्र त्यालाही ‘तिबेटी’च म्हणत आलो. सुयांची जागा यंत्राने घेतली. परंतु माल ज्या नावावर खपतो, ते नाव निर्वासित हातांनीच कमावलेले आहे.