आधी लोकल, मग घर, मग शाळा

गेले तीन महिने आमच्या घरात एकच विषय चालू आहे: घर कुठे घ्यायचं? मुलगी येत्या जूनमध्ये नर्सरीत जाईल. बायकोचं ऑफिस बीकेसीत, माझं ऐरोलीत, आणि बँक किती कर्ज देणार हा आकडा दोघांच्या सॅलरी स्लिपांनी ठरवून टाकलेला. मी रीतसर एक्सेल शीट केलंय (इंजिनिअर माणूस, दुसरं काय करणार!). प्रत्येक उपनगरापुढे तीन रकाने: प्रवास, शाळा, भाव. दोन रकाने हिरवे झाले की तिसरा हमखास लाल होतो. पार्ल्याचा भावाचा रकाना भरला आणि त्या रात्री लॅपटॉप मिटून सरळ झोपलो.

पण या शीटमुळे एक वेगळंच खूळ डोक्यात शिरलं आणि पुढचे चार-पाच वीकेंड त्यातच गेले. आज ज्या जागांना आपण डोळे मिटून 'फॅमिलीसाठी चांगली' म्हणतो, त्या तशा झाल्या कधी? पार्ल्याला किंवा डोंबिवलीला जो पहिल्यांदा बिऱ्हाड घेऊन गेला, त्याने काय बघून जागा निवडली? शाळा बघून नक्कीच नाही. बहुतेक ठिकाणी ती नव्हतीच.

सुरुवात अर्थात रेल्वेपासून. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली हे आपण सगळ्यांनी शाळेत पाठ केलंय. पुढच्याच वर्षी रूळ कल्याणला पोचले. पण रोज कामाला जाऊन रात्री घरी परत यायचं, या दृष्टीने मला १२ एप्रिल १८६७ ही तारीख जास्त महत्त्वाची वाटते. त्या दिवशी विरार ते बॅकबे लोकल सुरू झाली. सकाळी एक गाडी मुंबईकडे, संध्याकाळी एक परत. बस्स, एवढीच! स्टेशनांची जुनी नावं वाचताना मजा येते. बोरिवलीचं बेरेवला, गोरेगावचं पहाडी, अंधेरीचं अंदारू. पार्ल्याचं नाव त्या यादीत नाहीच.

म्हणजे गाडी होती, तरी नोकरदार माणूस पुढची कितीतरी वर्षं गिरगाव-काळबादेवीतून हलला नाही. का हलेल? ऑफिस चालत गाठता येत होतं, शाळा हाकेच्या अंतरावर, आणि चाळीतल्या खोलीचं भाडं परवडत होतं. माझ्या शीटमध्ये त्या काळच्या गिरगावाचे तिन्ही रकाने हिरवे झाले असते. फक्त हवा नव्हती आणि जागा नव्हती, आणि ते दोन रकाने तेव्हा कुणी करत नव्हतं.

ते करायला लावले प्लेगने. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवीत पहिले रोगी सापडले, आणि पुढच्या काही महिन्यांत शहरातून माणसांची रीघ बाहेर पडली. १८९८ साली सरकारने सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला. कोंदट वस्त्या फोडून प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड असे रुंद रस्ते काढायचे, आणि उत्तरेला दादर-माटुंगा-शीवकडची जमीन घेऊन तिथे आखीव वस्ती करायची, असं त्याचं काम. हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी, फाइव्ह गार्डन्स हे सगळं त्यातून आलं. इमारतीचे मजले किती, दोन इमारतींत मोकळी जागा किती, हे आधी कागदावर ठरलं आणि माणसं मागून आली. मुंबईच्या इतिहासात हे फार थोड्या वेळा घडलंय! मंचेरजी जोशी यांनी ट्रस्टकडून मध्यमवर्गीय पारशांसाठी प्लॉट राखून घेतले. माटुंग्यात दक्षिणेकडून आलेले नोकरदार जमले. ट्रस्टने रस्ते दिले, झाडं दिली, पण आपल्या मुलांच्या शिक्षणाची सोय त्यांना स्वतःच बघावी लागली. साउथ इंडियन एज्युकेशन सोसायटी १९३२ ची, आणि तिचा पसारा आज मुंबईभर आहे.

पार्ल्याची गोष्ट मला सर्वात आवडते. इथे ट्रस्ट नव्हता, फाइव्ह गार्डन्स नव्हती. गावठाण, शेतं, वाड्या आणि एक स्टेशन. दादरपेक्षा जमीन स्वस्त, म्हणून कारकून, मास्तर, वकील इथे यायला लागले. लोकमान्य टिळक १ ऑगस्ट १९२० ला गेले आणि १९२१ च्या जूनमध्ये पार्ल्याच्या लोकांनी त्यांच्या नावाने शाळा काढली, पार्ले टिळक विद्यालय. १९२३ मध्ये लोकमान्य सेवा संघ. आता जरा तारखा शेजारी शेजारी ठेवून बघा. कुलाबा ते बोरिवली विजेची गाडी धावली १९२८ मध्ये. आणि पार्ले मुंबई महापालिकेच्या हद्दीत आलं ते पुढे १९५० साली. म्हणजे महापालिका यायच्या २९ वर्षं आधी तिथे शाळा उभी होती. याच शाळेत पु. ल. देशपांडे शिकले. त्याच संस्थेने १९५९ मध्ये कॉलेज काढलं (आजचं साठ्ये) आणि पुढच्याच वर्षी डहाणूकर.

'पार्ल्यात वातावरण आहे हो' असं आपण म्हणतो ना, ते वातावरण जमिनीतून उगवलेलं नाही. दिवसभर ऑफिसात मान मोडून आलेली माणसं संध्याकाळी सेवा संघात बसून हिशेब लिहायची, व्याख्यानांची आखणी करायची, वर्गणी मागत फिरायची. चौरस फुटाच्या आजच्या भावात त्या संध्याकाळीही मिसळलेल्या आहेत. गंमत बघा, स्वस्त म्हणून आलेल्या कारकुनाने ती जागा इतकी चांगली केली की त्याच्यासारख्याच पगारदार माणसाला आता तिथे पाऊल ठेवता येत नाही. असो.

मग पुढची पिढी आणखी लांब का गेली? याचं उत्तर बरंचसं एका कायद्यात आहे. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने जुन्या जागांची भाडी सप्टेंबर १९४० च्या पातळीला गोठवली. युद्धाच्या महागाईत भाडेकरूला संरक्षण हवंच होतं, त्याबद्दल वाद नाही. पण ते तात्पुरतं राहिलं नाही. नवा कायदा यायला १९९९ उजाडलं. भाड्याने द्यायला चाळ बांधण्यात मालकाला राम उरला नाही. होत्या त्या जुन्या खोल्या पागडीवर हस्तांतरित व्हायला लागल्या. ज्याच्या ताब्यात खोली होती तो तरला, पण त्याच्या लग्न झालेल्या मुलाने जायचं कुठे? भाड्याचं घर मिळत नाही, आणि ओनरशिपचं परवडेल तिथेच घ्यायचं. 'परवडेल तिथे' म्हणजे बोरिवली, ठाणे, डोंबिवली, आणि पुढे बदलापूर, विरार. प्लेगइतकाच या कायद्याने मुंबईचा नकाशा बदलला असं माझं स्पष्ट मत आहे.

माझे आजोबा याच लाटेतले. १९७४ मध्ये गिरगावातली भावाभावांत न पुरणारी खोली सोडून डोंबिवली पूर्वेला दोन खोल्या घेतल्या. प्रॉव्हिडंट फंडातून काढलेले पैसे आणि आजीच्या पाटल्या. गृहकर्ज नावाची गोष्ट त्यांना माहीतच नव्हती, एचडीएफसीची स्थापनाच १९७७ ची. आजी सांगते, पावसाळ्यात स्टेशनपर्यंत चपला हातात घेऊन जायचं आणि फलाटावरच्या नळाला पाय धुऊन चढायचं. पाणी दिवसाला तासभर. पण रेल्वेचा मासिक पास इतका स्वस्त की ४८ किलोमीटर लांब राहणं पगारात बसत होतं. पासाची ही सवलत नसती तर डोंबिवली आहे तशी झालीच नसती. आणि इथेही तेच झालं. आळीतल्या मंडळींनी वर्गण्या काढल्या, शाळांना बाकं दिली, गणपतीत व्याख्यानं ठेवली, वाचनालयं चालवली. दहावीच्या गुणवत्ता यादीत डोंबिवलीची नावं यायला लागली तेव्हा गिरगावातल्या नातेवाइकांना धक्काच बसला होता म्हणे!

पण या सगळ्याचा खर्च कुणी उचलला, हे कुठल्याच शाळेच्या स्मरणिकेत सापडत नाही. माझी आई फोर्टला नोकरी करायची. सकाळी ७.२२ ची लोकल, संध्याकाळी घरी यायला पावणेआठ. बसायला जागा हवी म्हणून कधी कधी उलटी कल्याणला जाऊन त्याच गाडीने परत यायची. गाडीत भाजी निवडायची. आमची शाळा चांगली होती, अभ्यास व्हायचा, हे खरंच. पण तो घ्यायला आजी होती. शाळा सुटल्यावर हात धरून आणायलाही तीच. आजी वजा केली तर 'फॅमिलीसाठी चांगली' डोंबिवली किती चांगली उरते? मी शीटमध्ये चौथा रकाना टाकला: दुपारी साडेबाराला मुलीला घ्यायला कोण जाणार? त्यानंतर आठ उपनगरांतली पाच गळाली.

आणि गर्दी. ९ जून २०२५ ला मुंब्र्याच्या वळणावर समोरासमोरून जाणाऱ्या दोन लोकलच्या दारात लटकलेले प्रवासी खाली पडले, काहीजण जिवानिशी गेले. तो माझा कॉलेजला जायचा रूळ. ती बातमी वाचल्यापासून 'प्रवास' या रकान्यात मी नुसती मिनिटं लिहायची बंद केली आहेत.

आता नव्या टाउनशिप बघायला जातो तेव्हा क्रम बरोब्बर उलटा दिसतो. घोडबंदरला काय किंवा शिळफाट्याकडे काय, ब्रोशरच्या दुसऱ्याच पानावर शाळा असते. गेटच्या आत, स्विमिंग पूलच्या शेजारी. कधी कधी माणसं यायच्या आधी शाळेची इमारत तयार! सोय आहे, नाकारत नाही, रस्ता ओलांडावा लागत नाही हे केवढं सुख. पण फी बिल्डरच्या ग्राहकाला शोभेल अशी, आणि वर्ग कसे चालतात यात पालकाला विचारतो कोण? एका ठिकाणी मी विचारलं की पालकांची समिती आहे का, तर सेल्सवाल्या मुलाने मला क्लबहाऊसच्या समितीची माहिती दिली :-)

सध्या आमचा कल ठाण्याच्या जुन्या भागाकडे आहे. २००४ पासून ठाणे-वाशी रेल्वे झाल्यामुळे मला ऐरोली जवळ, बायकोला कुर्ल्यापर्यंत लोकल आणि पुढे बस. बजेटमध्ये वन बीएचकेच बसतो, तोही लिफ्ट नसलेल्या इमारतीत. आई-बाबा डोंबिवलीहून वीस-पंचवीस मिनिटांत येऊ शकतात, म्हणजे साडेबाराचा प्रश्न आठवड्यातले तीन दिवस तरी सुटतो. जवळच एक जुनी अनुदानित शाळा आहे, अशीच कुणीतरी वर्गणीतून काढलेली. मैदान मोठं, बाकं जुनी, पट कमी होत चाललेला. मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या, हल्ली पालक चौकशी करून जातात आणि प्रवेश दुसरीकडे घेतात. शनिवारच्या वाचनालयासाठी माणूस मिळत नाही म्हणून त्या खोलीला कुलूप आहे.

घराचं टोकन अजून दिलेलं नाही. शाळेचे प्रवेश फेब्रुवारीत सुरू होतात, तेव्हा आधी फॉर्म भरू, घराचं मग बघू, असं बायको म्हणते आहे.