हंगाम, शाळा आणि कथनरूप : चिकानो स्थलांतरितांचे बालपण

दक्षिण टेक्ससमधील क्रिस्टल सिटी हे गाव पालकाच्या पिकासाठी प्रसिद्ध आहे. पालक खाऊन बलवान होणाऱ्या पॉपाय या चित्रपात्राचा पुतळा तेथे १९३७ साली उभारण्यात आला. तो पालक खुडणारी मेक्सिकन वंशाची कित्येक कुटुंबे मात्र वर्षाचा मोठा काळ गावात नसत. हिवाळी पिकाचे काम सरले की ती ट्रकमधून उत्तरेकडे निघत, मिनेसोटा, आयोवा, विस्कॉन्सिन, मिशिगन येथील बीट व भाज्यांच्या शेतांवर राबत आणि हिवाळ्याच्या तोंडावर परतत. मुलांची शाळा वसंतात अर्ध्यावर सुटे आणि वर्ग पुष्कळ पुढे गेल्यावर पुन्हा सुरू होई. तोमास रिव्हेरा (१९३५–१९८४) यांचा जन्म या गावचा आणि त्यांचे बालपणही याच फेऱ्यांत गेले.

यांतील बहुतेक मुले जन्माने अमेरिकन नागरिक होती, हे ध्यानात घ्यावयास हवे. देशाची सीमा ओलांडली होती ती आईवडिलांनी वा आजोबांनी. मुले ओलांडीत होती त्या राज्यांच्या सीमा. १९४२ ते १९६४ या काळातील ‘ब्रासेरो’ करारान्वये मेक्सिकोतून येणारे मजूर एकटे पुरुष असत. टेक्ससमधून निघणारा तांडा मात्र कुटुंबांचा होता आणि कुटुंबाच्या मजुरीत मुलांचे हात धरलेले असत. १९३८ च्या संघराज्यीय श्रमकायद्याने कारखान्यांतील बालमजुरीस आळा घातला, पण शेतीला बव्हंशी वगळले. शाळेच्या वेळात मुलांना शेतावर राबविण्यास बंदी आली ती १९४९ च्या दुरुस्तीने. आणि जी शाळा दर दोन महिन्यांनी बदलते तिची ‘वेळ’ कोणती, हा प्रश्न कायद्याच्या कक्षेबाहेरच राहिला. स्थलांतरित मुलांच्या शिक्षणासाठी संघराज्याची स्वतंत्र योजना १९६६ साली आली. तोवर रिव्हेरांची पिढी प्रौढ झाली होती.

रिव्हेरांची ‘...आणि धरणीने त्याला गिळले नाही’ या अर्थाच्या शीर्षकाची स्पॅनिश कृती १९७१ साली बर्कलेच्या ‘किंतो सोल’ने इंग्रजी अनुवादासह प्रसिद्ध केली. आरंभी एका मुलाचे हरवलेले वर्ष, अखेरीस घराखाली लपून त्या वर्षाचा माग घेणारा तोच मुलगा, मध्ये बारा कथा आणि त्यांच्या सांध्यांत अगदी लहान प्रसंगचित्रे, अशी तिची मांडणी आहे. या तुटक रचनेचा उगम आधुनिकतावादी कथनतंत्रात, विशेषतः हुआन रुल्फो यांच्या प्रभावात शोधण्याचा प्रघात आहे. तो निराधार नाही. स्पॅनिश साहित्याचा डॉक्टरेटपर्यंत अभ्यास केलेला हा लेखक होता. तरीही प्रभावाने तंत्राची उपलब्धता तेवढी कळते, निकड कळत नाही. ज्याच्या आठवणींना ‘तिसरीत असताना’, ‘चौथीत असताना’ अशा खुंट्याच नाहीत, त्याला सलग आत्मकथन सांगता येणे कठीण. त्याचे वर्ष शाळेचे नाही, पिकांचे आहे. बारा कथा म्हणजे बारा महिने हे समीकरण समीक्षकांनी मांडले आहे. परंतु कथांवर महिन्यांची नावे नाहीत आणि मुलाला ती लावताही येत नाहीत, हे अधिक महत्त्वाचे ठरते.

शाळेतून काढून टाकलेल्या मुलाची कथा या दृष्टीने वाचण्यासारखी आहे. उत्तरेकडील शाळेत मारामारी होते, दोष त्याच्यावर येतो, आणि घरी परतताना तो आपल्याला खरोखरच काढले काय, याची मनाशी उलटतपासणी करीत राहतो. मुलगा टेलिफोन ऑपरेटर होईल ही घरच्यांची आशा! शिक्षणाविषयीची एवढी मोठी श्रद्धा एवढ्या लहान स्वप्नात मावावी, यात त्या कुटुंबाचे सामाजिक क्षितिज नेमके उमटले आहे. दुसऱ्या एका कथेत मजुरांनी भरलेला ट्रक पहाटेच्या सुमारास वाटेत बंद पडतो, आणि पोहोचल्यावर काय करायचे याचे प्रत्येकाचे स्वगत ऐकू येते. त्यांतील एकाला पोहोचण्याचाच उबग आला आहे. पोहोचणे आणि निघणे यांत त्याला भेद दिसत नाही.

फ्रान्सिस्को हिमेनेस यांची वाट निराळी. १९४३ साली मेक्सिकोत जन्मलेले हिमेनेस लहानपणी कुटुंबासह विनापरवाना कॅलिफोर्नियात आले. स्ट्रॉबेरी, द्राक्षे आणि कापूस यांमागोमाग घर हलत राहिले. त्यांचा ‘द सर्किट’ हा आत्मचरित्रात्मक कथासंग्रह १९९७ चा. त्यातील शीर्षककथेत शिक्षक ट्रम्पेट शिकविणार या आनंदात मुलगा घरी येतो, तो सामान खोक्यांत बांधलेले. कथा तेथेच थांबते. संग्रहाच्या स्पॅनिश आवृत्तीचे नाव ‘पुठ्ठ्याची खोकी’ या अर्थाचे आहे. इंग्रजी नाव मार्गाचे आणि स्पॅनिश नाव सामानाचे, हा फरक केवळ अनुवादाचा नव्हे: बाहेरून पाहणाऱ्याला चक्र दिसते, घरातल्या मुलाला खोकी दिसतात.

मराठी वाचकाला येथे लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ (१९८०) आठवणे स्वाभाविक आहे. तेथेही पाठीवरचे बिऱ्हाड आणि शाळा यांची ओढाताण आहे. पण कैकाडी मुलाच्या अनुभवात शाळेचा उंबरठा जातीने अडविलेला असतो आणि गाव बदलले तरी जात बदलत नाही. चिकानो मुलापुढे वंशभेदाबरोबर भाषेचाही अडसर असतो. साम्य भटकंतीचे, पण अपमानाची घडण वेगळी. ‘विस्थापितांचे साहित्य’ या सरसकट संज्ञेखाली दोहोंना कोंबणे म्हणूनच घाईचे होईल.

हिमेनेस यांच्या संग्रहाच्या शेवटच्या कथेत अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यातील उतारा पाठ करून आलेल्या मुलाला, तो म्हणून दाखविण्यापूर्वीच, स्थलांतर खात्याचा अधिकारी वर्गातून घेऊन जातो.